‘सर्व्हरचं झेंगट नको’ म्हणणाऱ्यांना

जावास्क्रिप्टचं ॲप भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर स्वतःच्या हाताने चढवणं हा आता मूर्खपणा समजला जातो. पुण्या-मुंबईच्या आयटी वर्तुळात, इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्रकल्पांत, नोकरीच्या मुलाखतींतसुद्धा एक वाक्य तयार असतं: सर्व्हर सांभाळणं हे आपलं काम नाही, कोड गिटहबवर ढकला आणि बाकीचं प्लॅटफॉर्मवर सोडा. हे म्हणणारे लोक अडाणी नाहीत. त्यांच्याकडे तीन कारणं असतात आणि तिन्ही ऐकून घेण्याजोगी आहेत. सर्व्हर असुरक्षित राहतो, त्याच्यापायी वेळ जातो, गर्दी वाढली की तो कोसळतो. माझा आक्षेप निष्कर्षाला आहे. प्लॅटफॉर्म घेतल्याने काम कमी होतं हे खरं. पण जे कमी होतं ते मुळात थोडंच होतं, आणि जे अवघड आहे ते तुमच्याच गळ्यात राहतं.

यावर लगेच गाडीचा दाखला येतो: गाडी चालवायला मेकॅनिक कशाला व्हावं लागतं? लागत नाही, कबूल. पण पेट्रोलचा काटा बघता न येणाऱ्याला आणि चाक पंक्चर झालं हे न कळणाऱ्याला आपण चांगला चालकही म्हणत नाही. सर्व्हरच्या बाबतीत अपेक्षा तेवढीच आहे.

काम नेमकं काय असतं ते आधी पाहू, कारण त्याची भीती घालणाऱ्या बऱ्याच जणांनी ते कधी केलेलंच नसतं. पीएचपीच्या काळात साइट चढवणं म्हणजे एफटीपीने फाइली सी-पॅनेलच्या फोल्डरात टाकणं. आपल्याकडची एक अख्खी पिढी त्यावर पोसली गेली. तिथे प्रत्येक विनंतीला कोड नव्याने चालायचा आणि संपायचा. एका पानात चूक असली तर ते पान पांढरं दिसायचं, शेजारचं पान मात्र सुखाने चालू. रायन डालने २००९ मध्ये बर्लिनच्या परिषदेत जावास्क्रिप्ट सर्व्हरवर चालवणारं नोड दाखवलं, त्याची खुबी नेमकी उलटी होती. एकच प्रोसेस सतत जागी राहते आणि असंख्य जोडण्या एकाच थ्रेडवर सांभाळते. त्या खुबीची किंमतही उघड आहे: कुठेतरी न पकडलेली एक चूक, आणि सगळ्या पानांसकट प्रोसेस आडवी. म्हणून जावास्क्रिप्टच्या ॲपला सर्व्हरवर पहिली गरज लागते ती पडल्यावर उठवणाऱ्याची.

हा उठवणारा उबंटू आणि डेबियनमध्ये २०१५ पासून बसलेलाच आहे. त्याचं नाव सिस्टमडी. दहा-बारा ओळींची एक फाइल लिहायची: ॲप कोणत्या फोल्डरात आहे, कोणत्या युजरच्या नावाने चालवायचं, पर्यावरणाची चलं कुठून वाचायची, पडलं तर काय करायचं, मशीन पुन्हा सुरू झालं तर काय करायचं. झालं. बरेच जण यासाठी पीएम-टू नावाचं साधन वापरतात. माझ्या मते एका ॲपसाठी ते अनावश्यक आहे, कारण मशीन रीबूट झाल्यावर खुद्द पीएम-टूला उठवायला शेवटी सिस्टमडीच लागतं.

दुसरी गरज दारावर कोणीतरी उभं असण्याची. १०२४ च्या खालची पोर्टं लिनक्समध्ये सर्वसाधारणपणे रूटचा अधिकार असल्याशिवाय उघडता येत नाहीत, आणि वेबची दोन्ही पोर्टं, ८० आणि ४४३, त्याच पट्ट्यातली. ॲप रूट म्हणून चालवणं हा खरा मूर्खपणा. तेव्हा ॲप ३००० वर, साध्या युजरच्या नावाने. पुढे एन्जिनएक्स, जो बाहेरची विनंती घेतो आणि आत देतो. इगोर सिसोएव्हने तो २००४ मध्ये खुला केला, एका मशीनवर दहा हजार जोडण्या एकाच वेळी कशा पेलायच्या या प्रश्नाचं उत्तर म्हणून. त्याच्या दोन-तीन खोड्या आहेत. विनंतीच्या मजकुराची मर्यादा न सांगता एक एमबी धरलेली असते, त्यामुळे मोबाइलवर काढलेला फोटो चढत नाही आणि नवशिका आपल्याच कोडमध्ये चूक शोधत बसतो. वेबसॉकेट वापरत असाल तर जोडणी बदलण्याचे हेडर स्पष्ट लिहून पुढे द्यावे लागतात. आणि खऱ्या ग्राहकाचा आयपी पत्ता आत पोचवावा लागतो, नाहीतर लॉगमध्ये सगळं जग एकाच पत्त्यावरून आल्यासारखं दिसतं. एकदा कळल्यावर या गोष्टी विसरत नाहीत.

तिसरी गरज प्रमाणपत्राची, आणि इथे विरोधकांचा मुद्दा दहा वर्षांपूर्वी अडकला आहे. एके काळी एचटीटीपीएस म्हणजे खरंच कटकट होती. पैसे भरा, मागणीपत्राची फाइल बनवा, ईमेलवर मालकी सिद्ध करा, वर्षाने विसरा. ३ डिसेंबर २०१५ ला लेट्स एन्क्रिप्टची सार्वजनिक चाचणी सुरू झाली आणि हे प्रकरण मिटलं. प्रमाणपत्र फुकट, मुदत ९० दिवस, नूतनीकरण सर्टबॉट नावाचा प्रोग्रॅम आपोआप करतो. एक सावधगिरी हवी: मुदत संपत आल्याचे ईमेल लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ पासून बंद केले, तेव्हा नूतनीकरण खरंच होतंय का याची पहारेदारी आपली आपण लावायची. प्रमाणपत्रांची कमाल मुदत २०२९ पर्यंत टप्प्याटप्प्याने ४७ दिवसांवर आणायचं आता ठरलंच आहे. एवढ्या कमी मुदतीत हे काम हाताने करणं कोणालाच परवडणार नाही, व्हर्च्युअल सर्व्हरवाल्यालाही नाही आणि बँकेलाही नाही.

मग नवी आवृत्ती चढवणं. इथे लोक सर्वांत जास्त घोळ घालतात आणि दोष सर्व्हरला देतात. एक जीबी मेमरीच्या मशीनवर नेक्स्ट जेएसचा बिल्ड चालवला की मेमरी संपते, लिनक्सचा कर्नल समोर दिसेल ती मोठी प्रोसेस मारतो, आणि ती कधी कधी तुमचा डेटाबेस असते. बिल्ड सर्व्हरवर करूच नये. तो आपल्या लॅपटॉपवर किंवा गिटहबच्या यंत्रणेत करावा, कुलूपबंद आवृत्त्यांच्या फाइलवरून पॅकेजं घ्यावीत, तयार माल वेगळ्या फोल्डरात पाठवावा आणि ‘चालू आवृत्ती’ नावाचा सिमलिंक नव्या फोल्डराकडे वळवून ॲप पुन्हा सुरू करावं. बिघडलं तर सिमलिंक मागे. ॲपने बंद होण्याचा इशारा मिळाल्यावर हातातल्या विनंत्या संपवून मग जायला शिकलं पाहिजे. तो कोड ॲपमध्ये लिहावा लागतो, आणि प्लॅटफॉर्मवर गेलात तरी बहुतेक ठिकाणी लिहावाच लागतो.

आता सुरक्षा. हा मुद्दा सर्वांत वजनदार आहे आणि त्याला ताजे दाखलेही मिळाले आहेत. मार्च २०२५ मध्ये नेक्स्ट जेएसमधली एक चूक उघड झाली: विनंतीला एक ठरावीक हेडर जोडला की मिडलवेअर वगळलं जायचं. लॉगिनची तपासणी तिथेच ठेवलेली असेल तर कोणीही सरळ आत. व्हर्सेल या प्लॅटफॉर्मवरच्या ॲपना याची झळ बसली नाही. स्वतःच्या सर्व्हरवर चालवणाऱ्यांना धोका होता. बघा, म्हणालो नव्हतो, असं त्या वेळी बरंच ऐकायला मिळालं. पण इलाज काय होता? नवी आवृत्ती घेणं, आणि ते त्याच दिवशी जमत नसेल तर तो हेडर दारातच पुसून टाकणं. एन्जिनएक्समध्ये ती एक ओळ आहे. आणि लॉगिनची सगळी तपासणी एका मिडलवेअरच्या भरवशावर सोडण्याचा निर्णय सर्व्हरने घेतलेला नव्हता, तो ॲप लिहिणाऱ्याचा होता.

३ डिसेंबर २०२५ ला जाहीर झालेली रिॲक्ट सर्व्हर कंपोनंट्समधली चूक त्याहून भयंकर होती, गंभीरता दहापैकी दहा. लॉगिन न करता, एक रचलेली विनंती पाठवून सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येत होता. मोठ्या प्लॅटफॉर्मांनी आपल्या फायरवॉलमध्ये तातडीने नियम घातले आणि त्याच दमात ग्राहकांना बजावलं की यावर विसंबू नका, पॅकेज बदला. म्हणजे शेवटचं काम पुन्हा ॲपवाल्याकडेच. त्या वेळी दोन सर्व्हरांमध्ये फरक पडणार होता तो इतकाच: ज्याने ॲप रूट म्हणून चालवलं त्याचं अख्खं मशीन गेलं, ज्याने अधिकार नसलेल्या युजरच्या नावाने चालवलं त्याचं नुकसान त्या युजरच्या आवाक्यापर्यंत थांबण्याची शक्यता तरी राहिली. सप्टेंबर २०२५ मध्ये एनपीएमच्या पॅकेजांतून स्वतःहून पसरणारा किडा फिरला, तो तर थेट विकसकांच्या मशीनवरची टोकनं चोरत होता. तिथे कोणता प्लॅटफॉर्म काय करणार होता?

स्वतःच्या सर्व्हरमुळे जे धोके खरोखर वाढतात ते मी लपवत नाही. पासवर्डने एसएसएच उघडं ठेवलं तर नव्या सर्व्हरवर काही मिनिटांत धडका सुरू होतात. लॉग उघडून कोणीही बघावं. म्हणून फक्त किल्ल्या, पासवर्ड बंद, सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप. डेटाबेस बाहेर उघडा राहणं हा दुसरा. जानेवारी २०१७ मध्ये पासवर्ड नसलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस पुसून खंडणी मागितली गेली होती. आणि तिसरा सापळा शहाण्यांनाही फसवतो: डॉकरने उघडलेलं पोर्ट यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या नियमांना वळसा घालून बाहेर दिसतं. फायरवॉल लावली म्हणून माणूस निर्धास्त झोपतो आणि डेटाबेस चव्हाट्यावर असतो. उपाय असा की डॉकरला ते पोर्ट फक्त मशीनच्या आतल्या पत्त्यावर उघडायला सांगायचं आणि बाहेरून, दुसऱ्या मशीनवरून, तपासून बघायचं. ही यादी खरी आहे, पण ती एवढीच आहे, आणि दर महिन्याला बदलत नाही.

पैशांचा हिशेब मी फार ताणणार नाही, कारण त्यात दोन्ही बाजू सोयीचे आकडे काढतात. एक जीबीचा सर्व्हर बंगळुरूच्या डेटा सेंटरमध्ये महिना सहा डॉलरच्या आसपास मिळतो. व्हर्सेलची फुकट योजना बिगर-व्यावसायिक वापरापुरती आहे. धंद्यासाठी प्रो, माणशी महिना २० डॉलरपासून. हा फरक एखाद्या कंपनीला नगण्य आहे. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो बिलाचा स्वभाव. फेब्रुवारी २०२४ मध्ये नेटलिफाय या प्लॅटफॉर्मच्या एका ग्राहकाला त्याच्या साध्या स्थिर साइटवर आलेल्या वाहतुकीपोटी १,०४,५०० डॉलरचं बिल आलं. त्या वेळच्या दराने ८५ लाख रुपयांच्या वर. बोभाटा झाल्यावर कंपनीने ते माफ केलं. असा लोंढा सहा डॉलरच्या सर्व्हरवर आला असता तर सर्व्हर गुडघ्यावर आला असता. साइट काही तास बंद. कोल्हापूरच्या एखाद्या क्लासवाल्याला विचारा, यातलं काय परवडेल?

वेळेचा मुद्दा यापेक्षा फसवा आहे. सर्व्हर शिकण्यात जाणारा वेळ मोजला जातो, प्लॅटफॉर्मच्या तऱ्हा शिकण्यातला मोजला जात नाही. फंक्शन किती सेकंदांत संपलं पाहिजे, झोपलेलं फंक्शन जागं व्हायला किती वेळ घेतं, अपलोड केलेली फाइल डिस्कवर का टिकत नाही, रात्री चालणारं काम कुठे लावायचं, सतत उघडी जोडणी का चालत नाही: हे सगळं ज्ञानच आहे, फक्त ते एका कंपनीच्या कागदपत्रांत राहतं आणि कंपनीचं धोरण बदललं की शिळं होतं. हेरोकू या प्लॅटफॉर्मने २८ नोव्हेंबर २०२२ पासून फुकट योजना बंद केली तेव्हा किती विद्यार्थ्यांच्या बायोडेटातले दुवे एका रात्रीत मेले असतील. एसएसएच १९९५ चं आहे. एन्जिनएक्स दोन दशकांचा आहे. यांच्यावर खर्च केलेला आठवडा पुढच्या नोकरीतही कामाला येतो.

एक भारतीय बाजू या वादात जवळजवळ कोणी काढत नाही. केंद्र सरकारच्या सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांनुसार ठरावीक सुरक्षा-घटनांची खबर सहा तासांच्या आत द्यावी लागते आणि यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपावे लागतात. प्लॅटफॉर्मच्या स्वस्त योजनांत ॲपचे लॉग काही तासांत किंवा काही दिवसांत पुसले जातात. जास्त हवे असतील तर वेगळी सेवा, वेगळे पैसे. आपल्या डिस्कवर हे लॉग फिरवण्याच्या नियमातल्या एका आकड्याचं काम आहे. आणि घटना घडली तर सहा तासांत काय झालं हे सांगायला लॉग हातात असावे लागतात, दुसऱ्याच्या मदत-कक्षाच्या रांगेत नाहीत.

गर्दीबद्दल थोडक्यात. दहावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता जे होतं ते आपल्यापैकी फार थोड्यांच्या ॲपच्या वाट्याला येणार आहे, आणि तसा भार आला तरी मधल्या सीडीएनवर ठेवता येणारी पानं हाच त्याचा मुख्य उपाय असतो, दोन्हीकडे. राहिला बंद पडण्याचा प्रश्न. २० ऑक्टोबर २०२५ ला ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या यंत्रणेत डीएनएसच्या बिघाडाने असंख्य सेवा आडव्या झाल्या, महिन्याभरात १८ नोव्हेंबरला क्लाउडफ्लेअर. माझा सर्व्हर पडतच नाही असा दावा मी करणार नाही. त्यांचाही करू नका.

आता आमच्या बाजूच्या लोकांना चार शब्द. स्वतःच्या सर्व्हरचं नाव निघालं की ३७सिग्नल्स या सॉफ्टवेअर कंपनीचा दाखला काढायची सवय लागली आहे: तिच्या डेव्हिड हाइनमायर हॅन्सनने ऑक्टोबर २०२२ मध्ये क्लाउड सोडत असल्याचं जाहीर केलं, वर्षाचं बिल ३२ लाख डॉलरचं होतं, वगैरे. तो दाखला इथे गैरलागू आहे. त्यांच्याकडे यंत्रणा सांभाळणारी अनुभवी माणसं आधीपासून होती, आणि त्यांनी डेटा सेंटरमध्ये स्वतःची यंत्रं विकत घेतली. सहा डॉलरच्या भाड्याच्या सर्व्हरचं समर्थन त्यातून होत नाही, खंडनही होत नाही. तसंच कुबरनेटीस. एका ॲपसाठी घरचा क्लस्टर उभारणारे लोक विरोधकांच्या हातात आयतं कोलीत देतात.

डेटाबेसवर मात्र मी तडजोड करतो. ॲपची प्रोसेस मेली तर दोन मिनिटांत दुसरी उभी राहते. ग्राहकांची वर्षभराची बिलं गेली तर ती कुठूनच येत नाहीत. गिटलॅबकडे कुशल माणसं होती, तरी ३१ जानेवारी २०१७ ला चुकीच्या मशीनवर डेटाबेसचं फोल्डर पुसलं गेलं, आणि मग लक्षात आलं की बॅकअपच्या पाच वाटा होत्या, त्यातली एकही नीट चालत नव्हती. साधारण सहा तासांचा डेटा गेला. मार्च २०२१ मध्ये ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या स्ट्रासबुर्गमधल्या डेटा सेंटरची एक इमारत जळून गेली, तेव्हा ज्यांचा बॅकअपही तिथेच होता त्यांचं दोन्ही गेलं. म्हणून माझा सल्ला असा: एकच गोष्ट दुसऱ्याकडे सोपवायची असेल तर डेटाबेस सोपवा, त्याचे पैसे द्या. ते नको असेल तर रोजची प्रत दुसऱ्या कंपनीच्या साठवणीत, वेगळ्या किल्लीने, आणि तीन महिन्यांतून एकदा रिकाम्या मशीनवर ती प्रत्यक्ष उभी करून बघा. जे हे करणार नसतील त्यांनी खरंच स्वतःच्या सर्व्हरच्या भानगडीत पडू नये.

विरोधकांचा एक आक्षेप मी शेवटी ठेवला, कारण त्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. विकसक निघून गेला तर? साताऱ्याच्या एखाद्या पतसंस्थेचं ॲप एका तरुणाने चढवलं, वर्षभराने तो बंगळुरूला नोकरीला लागला, सर्व्हर पोरका झाला. उबंटूच्या त्या आवृत्तीचा पाच वर्षांचा पाठिंबा संपेल, नोडची आवृत्ती त्याच्याही आधी जुनी होईल, आणि एक दिवस कार्ड नाकारलं गेल्याने मशीनच बंद होईल. प्लॅटफॉर्मवर हा धोका कमी आहे हे मान्य. पण तिथेही खातं त्या तरुणाच्याच ईमेलवर असतं आणि कार्डही त्याचंच. तेव्हा कोणत्याही वाटेने गेलात तरी डोमेन संस्थेच्या नावावर घ्या, सर्व्हरचं खातं संस्थेच्या ईमेलवर उघडा, एसएसएचची दुसरी किल्ली आणि डेटाबेसच्या बॅकअपचा पासवर्ड सचिवाच्या कपाटात ठेवा, आणि रिकाम्या सर्व्हरवर ॲप पुन्हा उभं करायच्या आज्ञा क्रमवार, मराठीत, दोन पानांवर छापून द्या. ती दोन पानं एखाद्या अनोळखी विकसकाकडून एकदा करून घेतल्याशिवाय कामाचं शेवटचं बिल लावू नका.